दिनदर्शिका-उपलब्धता, संगणकीय

सहकाऱ्याच्या संगणकीय दिनदर्शिकेतील मोकळा व व्यग्र वेळ आज्ञावलीच्या साहाय्याने जाणून घेण्याची पद्धती. तीत नोंदींचा मजकूर न वाचता त्यांनी व्यापलेला काळ तेवढा विचारला जातो. या मर्यादेतच पद्धतीची उपयुक्तता सामावलेली आहे.

विखुरलेल्या संस्थांत तिची गरज विशेष जाणवते. दापोली (जि. रत्नागिरी) येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाची (आताचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) संशोधन केंद्रे वेंगुर्ले, कर्जत, भाट्ये इ. ठिकाणी आहेत. दापोलीस रेल्वे नाही. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक खेड होय. वेंगुर्ल्याहून दापोलीस बैठकीसाठी यावयाचे, तर बैठकीपेक्षा प्रवासालाच अधिक वेळ लागतो. अशा रचनेच्या संस्थेत वेळ ठरविण्यातील चूक म्हणजे पूर्ण दिवस वाया जाणे होय.

मानके : निरनिराळ्या कंपन्यांच्या दिनदर्शिकांत देवघेव व्हावी म्हणून इंटरनेट एंजिनिअरिंग टास्क फोर्स या संघटनेने १९९८ मध्ये आय-कॅलेंडर हे मानक (आरएफसी २४४५) प्रसिद्ध केले, २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने त्याची जागा घेतली. नोंदीचा तपशील आणि ‘मोकळा-व्यग्र’ माहिती हे त्यात दोन स्वतंत्र घटक आहेत. दुसऱ्या घटकात कालखंड मोकळा, व्यग्र, तात्पुरता व्यग्र वा अनुपलब्ध आहे, एवढेच नमूद होते. कॅल्डॅव्ह (आरएफसी ४७९१, २००७) या मानकाने सर्व्हरकडे अशी विचारणा करण्याची रीत ठरवून दिली.

कार्यपद्धती : आज्ञावली प्रथम स्वतःची ओळख पटवून परवानगी मिळविते; नंतर सहकाऱ्याचा ई-मेल पत्ता आणि हव्या असलेल्या कालावधीचा आरंभ व अखेर सर्व्हरला कळविते. उत्तरादाखल व्यग्र कालखंडांची यादी मिळते. मायक्रोसॉफ्ट ग्राफ या सेवेत अंकांची मालिकाही मिळते. तीत ० म्हणजे मोकळा वा अन्यत्र कामावर, १ तात्पुरता, २ व्यग्र व ३ कार्यालयाबाहेर. अर्ध्या तासाच्या विभागणीत ‘००२२०’ या मालिकेचा अर्थ पहिला तास मोकळा, दुसरा व्यग्र आणि शेवटचा अर्धा तास पुन्हा मोकळा, असा होतो.

व्यग्र कालखंडाचा आरंभ नियोजित बैठकीच्या अखेरीपूर्वी आणि त्याची अखेर बैठकीच्या आरंभानंतर असेल, तरच दोहोंत अडथळा येतो. म्हणून ११ वाजता संपणारे काम ११ च्या बैठकीच्या आड येत नाही. अनेकांना सोयीची वेळ शोधताना सर्वांचे व्यग्र कालखंड आरंभाच्या क्रमाने लावतात व परस्परांत मिसळणारे कालखंड एकत्र जोडतात. त्यांच्यामधील रिकाम्या जागा म्हणजे सर्वांची समाईक मोकळीक होय.

दोषस्थाने : भारतीय प्रमाणवेळ आंतरराष्ट्रीय समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, दापोलीतील सकाळचे १०·३० म्हणजे त्या वेळेनुसार ५·००. आज्ञावलीने प्रमाणवेळ स्पष्ट न सांगितल्यास चुकीचा काळ तपासला जातो. काही नोंदी वेळ न व्यापणाऱ्या, उदा., वाढदिवसाची आठवण, म्हणून ठेवता येतात. मात्र महत्त्वाचे काम चुकून त्या प्रकारात नोंदले, तर माणूस मोकळा दिसतो. प्रवासाचा वेळ वेगळा न नोंदल्यास वेंगुर्ल्याचा सहकारी वाटेत असतानाही उपलब्ध ठरतो. तसेच तपासणी आणि निमंत्रण यांच्या दरम्यान तीच वेळ दुसरा कोणी घेऊ शकतो. त्यामुळे निमंत्रण पाठविण्याच्या क्षणी पुन्हा तपासणी आवश्यक असते.

गोपनीयता : बैठकीचा विषय, स्थळ व उपस्थितांची नावे सहकाऱ्यास कळण्याचे कारण नसते, रुग्णालयातील भेट वा कौटुंबिक काम ही केवळ ‘व्यग्र’ म्हणून दिसणे पुरेसे आहे. म्हणून आज्ञावलीस संपूर्ण दिनदर्शिका वाचण्याची मुभा देण्याऐवजी मोकळा-व्यग्र माहितीपुरतीच परवानगी देणे योग्य ठरते. तथापि एवढ्या माहितीवरूनही, ती दीर्घ काळ साठविल्यास, व्यक्तीच्या दिनक्रमाचा अंदाज बांधता येतो. त्यामुळे विचारणेचे प्रयोजन संपताच ती नष्ट करणे इष्ट असते. शिवाय दिनदर्शिकेतील मोकळी जागा ही संमती नव्हे. तीवरून वेळ सुचविता येते. ती स्वीकारण्याचा अधिकार ज्याची दिनदर्शिका आहे त्याच्याकडेच राहतो.