विमान एकाचे, नाव दुसऱ्याचे

आमचा नातू संगमनेरहून नोकरीनिमित्त अमेरिकेस गेला आणि तेथे हौसेने विमान चालविण्यास शिकला. पुढे चार आसनांचे एक जुने विमान विकत घ्यावे असे त्याच्या मनाने घेतले. पैसा असला म्हणजे झाले, अशी आमची समजूत! परंतु तेथे विमानाची नोंद स्वतःच्या नावे व्हावयास मनुष्य त्या देशाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. इतरांनी ते विश्वस्ताच्या नावे ठेवावयाचे. म्हणजे उडवावे आपण आणि कागदोपत्री धनी दुसराच.

द्रव्याची कथा याहून बिकट. येथील रहिवाशास वर्षाकाठी २,५०,००० डॉलरपर्यंत परदेशी धाडता येतात. नोकरीसाठी देश सोडलेल्यास ती वाट नाही. त्याने आपले येथील बँकखाते अनिवासी करून घ्यावयाचे असते. आमच्या घरी हे कोणास ठाऊक होते? नगरच्या एका बँकेत त्याचे जुने खाते तसेच राहिले, आणि पैसे मागताच अडले.

'निवासी' शब्दाचे अर्थ तरी किती! प्राप्तिकर मुख्यतः दिवस मोजतो, १८२ हा त्याचा ठळक आकडा; १९९९ चा परकीय चलनाचा कायदा जाण्याचा हेतूही पाहतो. त्याची आजी मात्र विचारते, "दर दिवाळीस घरी येतोस ना रे? मग अनिवासी कसला?"

खाते पालटण्याचे कागद आता बँकेत गेले आहेत. तूर्त तो तासाच्या भाड्याने विमान घेऊन उडवितो.