बिल फुगते ते शंभरच्या पुढे

थंडी पडली की दिंडोरीत घरोघरी पाणी तापवायचे हिटर निघतात आणि पुढचे बिल वाढून आले की दोष मीटरला दिला जातो. ‘शंभरच्या वर एक युनिट गेले तरी सगळे बिल चढ्या दराने लागते,’ असेही ठामपणे सांगतात. ते खरे नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने लागतो. 2024-25 मध्ये वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटना 5 रुपये 88 पैसे, तर 101 ते 300 युनिटना 11 रुपये 46 पैसे दर होता. म्हणजे 101 युनिट वापरले तर महाग पडते ते शेवटचे एकच. पण यातच बचतीची किल्ली आहे. दीडशे-दोनशे युनिट जाळणाऱ्या घरात वाचलेले युनिट महागड्या टप्प्यातून वजा होते. त्या वर्षीच्या दराने, 16 टक्के वीज शुल्क धरून, त्याची किंमत 13 रुपयांवर जात होती.

मग वाचवायचे कुठे? 9 वॉटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. 1500 वॉटचा हिटर रोज तासभर चालला, तर महिन्याला 45 युनिट जातात. दिवे मालवणे चांगलेच, पण हिटरची वेळ निम्मी केली तर फरक बिलात दिसतो. जुना 75 वॉटचा पंखा बदलून 30 वॉटचा बीएलडीसी पंखा घेतला, तर रोज बारा तासांच्या वापरात महिन्याला 16 युनिट वाचतात. तो महाग पडतो हे खरे. म्हणून सर्वांत जास्त वेळ फिरणारा पंखा आधी बदलावा. प्लगमध्ये खोचायच्या ‘पॉवर सेव्हर’ डब्यांवर मात्र पैसे घालू नयेत. ते पॉवर फॅक्टर सुधारल्याचा दावा करतात, पण घरगुती आकारणी किलोवॉट-तासांवर, म्हणजे युनिटांवर होते; त्यामुळे बिल घटत नाही.

‘मग मीटर चुकतच नाही का?’ चुकू शकतो, पण ते तपासून ठरवावे. मीटरवर 3200 इम्पल्स लिहिलेले असतील, तर 3200 वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट होते. बाकी सगळे बंद ठेवून फक्त 1500 वॉटचा हिटर पाण्यात लावला, तर मिनिटाला सुमारे 80 लुकलुकी यायला हव्यात. व्होल्टेज कमी असेल तर काही कमी. फारच जास्त आल्या, तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा. हिशेब जुळला, तर मीटरशी भांडण्यापेक्षा शंभरच्या पुढची युनिटे कोणते उपकरण खाते, ते शोधावे.