‘तुकाराम’ पाहावा जिजाईसाठी

गेल्या आठवड्यात जुने-नवे मराठी सिनेमे मिळतील तसे पाहिले. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मी भक्तिपट म्हणून इतकी वर्षं टाळला, चूकच केली. विष्णुपंत पागनीस गोड आहेतच, पण सिनेमा खाऊन टाकलाय तो जिजाई झालेल्या गौरीने. पोर आजारी पडल्यावर ही बाई देवळात जाऊन थेट विठोबालाच फैलावर घेते, तेही चप्पल उगारून! प्रभातच्या काळात एवढी मोकळीक होती, आणि आज? असो. शेवटचं वैकुंठाचं विमान मात्र आता जरा पुठ्ठ्याचं वाटतं.

‘सामना’ दुसऱ्यांदा पाहिला. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. सगळे लागूंच्या मास्तरांवर बोलतात. माझं मत निळूभाऊंना.

‘कोर्ट’ (२०१४) संथ आहे, मान्य. पण गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील बघाच. कोर्टात जुनी कलमं एकसुरात वाचणारी ही बाई लोकलमध्ये साडीच्या गप्पा मारते आणि घरी येऊन मुकाट्याने स्वयंपाकाला लागते. तिचा राग येता येता राहतो.

‘फँड्री’पण लावला होता, अर्ध्यात लाइट गेली.