उतारवयांतील स्थळसेवा

मेहकरास श्रीशारंगधर बालाजीच्या दर्शनास परगांवचा मनुष्य आला म्हणजे त्या भव्य कृष्णवर्ण मूर्तीपुढें तो प्रथम स्तब्ध होतो, आणि मग शेजारीं उभ्या असलेल्यास हळूच विचारतो, “ही मूर्ति येथें आली कोठून?” मूर्ति सुमारें अकरा फूट उंच असून १८८८ सालीं जमीन खणतांना ती सांपडली, एवढें गांवांतील बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु पाहुण्यानें त्यापुढचा प्रश्न विचारला, तर उत्तर देणारा दर वेळीं भेटेलच असें नाहीं. ज्यास माहिती आहे तो घरीं असतो. जो तेथें असतो त्यास आपल्या कामाची घाई असते. प्रश्न तसाच राहतो आणि पाहुणा पुढच्या मोटारीनें लोणारास निघून जातो.

ऐतिहासिक स्थळास भिंत, कुंपण व पाटी यांखेरीज सांगणाऱ्या माणसाचीही गरज असते. ज्यास सवड आहे, ज्याच्या बोलण्यांत उतावीळ नाहीं व ज्यास त्या स्थळाविषयीं मनापासून आपुलकी आहे, असें तें माणूस असावें लागतें. आणि असें माणूस बहुधा उतारवयांतच सांपडतें. अमेरिकेंतील मॉर्मन लोकांनीं या साध्या विचारास व्यवस्थित रूप दिलें आहे. त्यांची ती पद्धत कशी चालते, तिचें मर्म कशांत आहे आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यांत तिच्याशीं जुळणारें काय आहे, हें या लेखांत पाहावयाचें योजिलें आहे.

प्रथम हे लोक कोण, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ६ एप्रिल १८३० रोजीं न्यूयॉर्क संस्थानांत जोसेफ स्मिथ नांवाच्या चोवीस वर्षांच्या तरुणानें या मंडळीची स्थापना केली. ते स्वतःस ‘येशू ख्रिस्ताची अंत्यदिनीय संतांची मंडळी’ असें म्हणवितात. मॉर्मन हें नांव त्यांच्या ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या धर्मपुस्तकावरून इतरांनीं दिलें. अन्य ख्रिस्ती पंथांशीं त्यांचे मूलतत्त्वांविषयींच मतभेद आहेत. तो वाद हा आपला विषय नव्हे. महाराष्ट्रास मात्र हे लोक अगदींच अपरिचित नव्हते. १८५१ सालीं ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरला, पुण्याच्या छावणींत त्यानें एक लहानशी मंडळी जमविली, आणि १८५५ सालीं तो परत गेला. त्याचें कार्य येथें रुजलें नाहीं.

त्यांच्या स्वतःच्या देशांतही त्यांस स्थैर्य सुखासुखीं लाभलें नाहीं. न्यूयॉर्काहून ते ओहायोंत गेले, तेथून मिसूरींत. १८३८ सालीं मिसूरीच्या गव्हर्नरानें त्यांस हांकलून लावण्याचा हुकूम काढला. तेव्हां १८३९ मध्यें ते इलिनॉय संस्थानांत मिसिसिपी नदीच्या एका वळणावर येऊन राहिले. जागा दलदलीची व तापाची होती. पण पांच-सहा वर्षांत त्यांनीं तेथें नॉवू नांवाचें शहर वसविलें. विटांचीं घरें उभीं राहिलीं, दुकानें व छापखाने निघाले, टेकडीवर दगडी मंदिर उठूं लागलें. इतक्यांत शेजाऱ्यांशीं व आपसांतही तंटे विकोपास गेले, आणि २७ जून १८४४ रोजीं जवळच्या कार्थेज गांवच्या तुरुंगांत जमावानें जोसेफ स्मिथ व त्याचा भाऊ हायरम यांस गोळ्या घालून ठार केलें. १८४६ च्या फेब्रुवारींत, ऐन हिंवाळ्यांत, हे लोक नदी ओलांडून पश्चिमेच्या वाटेस लागले, आणि त्यांची पहिली तुकडी जुलै १८४७ मध्यें सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत पोंचली. मागें राहिलेलें मंदिर १८४८ सालीं कोणी तरी पेटविलें व १८५० सालीं वावटळीनें त्याच्या भिंती पाडल्या. एके काळीं दहा हजारांहून अधिक वस्ती असलेल्या त्या शहराचें एक निवांत खेडें होऊन बसलें. आजही त्याची लोकसंख्या हजाराच्या आंतच आहे.

पुढें शंभर वर्षांनीं या खेड्याचें भाग्य एका वैद्यामुळें पालटलें. लीरॉय किंबल नांवाच्या सॉल्ट लेक शहरांतील डॉक्टरानें १८५४ नव्हे, तर १९५४ सालीं, म्हणजे घर सोडल्यास एक शतक उलटून गेल्यावर, आपल्या पणजोबांचें नॉवूंतील घर विकत घेतलें व तें नीट दुरुस्त केलें. घर पाहावयास इतके लोक येऊं लागले, कीं एका कुटुंबाची आवड ही समाजाची गरज आहे, हें सर्वांच्या ध्यानांत आलें. १९६२ सालीं नॉवूच्या जीर्णोद्धारासाठीं स्वतंत्र संस्था निघाली, एकामागून एक घरें उभीं राहिलीं, आणि २००२ सालीं मंदिरही जुन्या जागीं पुनः बांधलें गेलें. जे लोक पश्चिमेस गेले नव्हते, त्यांच्यांतून निघालेल्या दुसऱ्या मंडळीकडे ओहायोंतील जुनें मंदिर व नॉवूंतील स्मिथ कुटुंबाचीं घरें होतीं. तीं स्थळें व कांहीं जुने दस्तऐवज ५ मार्च २०२४ रोजीं १९ कोटी २५ लाख डॉलर देऊन खरेदी झाले. परंतु पैशानें घर मिळालें, तरी त्या घराचा इतिहास सांगणारें माणूस पैशानें मिळत नाहीं. तें कसें मिळवितात, हाच आपला मुख्य विषय आहे.

या मंडळींत ऐन तारुण्यांत दीड-दोन वर्षें धर्मप्रचारार्थ जाण्याची चाल प्रसिद्धच आहे. तिच्या जोडीला दुसरी एक चाल आहे. नोकरी-धंद्यांतून निवृत्त झालेलीं, मुलेंबाळें मार्गीं लागलेलीं पतिपत्नी जोडीनें सेवेस जातात. एकट्या वडील स्त्रियाही जातात. इच्छुकांनीं अर्ज करावयाचा, प्रकृति ठीक असल्याचा दाखला द्यावयाचा, स्थानिक अधिकाऱ्याची शिफारस मिळवावयाची. आपली आवड कळवितां येते. परंतु कोठें जावयाचें तें शेवटीं मंडळीच्या मुख्याकडून आलेल्या पत्रानें ठरतें. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत असते. वेतन नाहीं, उलट राहण्याजेवण्याचा व प्रवासाचा खर्चही सामान्यतः ज्याचा त्यानेंच सोसावयाचा. कोणास दवाखान्यांत, कोणास कचेरींत, कोणास दूरच्या देशांतील मदतकार्यांत नेमतात, आणि कांहींची नेमणूक नॉवूसारख्या ऐतिहासिक स्थळीं होते. तेथें त्यांस ‘एल्डर’ व ‘सिस्टर’ असें संबोधितात. एल्डर म्हणजे वडील माणूस. पण हीच पदवी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरासही असल्यामुळें आजोबा व नातू दोघेही ‘वडील’ ठरतात, ही मोठी मौजेची गोष्ट आहे!

नॉवूंत या वृद्ध सेवकांचा दिवस कसा जातो, तें पाहण्यासारखें आहे. सकाळीं छातीवर नांवाची काळी पट्टी लावून जो तो आपल्या नेमल्या घरीं जातो. जन्मभर बँकेंत आंकडेमोड केलेला गृहस्थ लोहाराच्या भट्टीपुढें उभा राहून घोड्याचा नाल कसा घडवीत हें मुलांस दाखवितो; निवृत्त शिक्षिका जुन्या भटारखान्यांत पाहुण्यांच्या हातीं आल्याची बिस्किटें ठेविते. कोठें दोर वळून दाखवितात, कोठें विटा कशा पाडीत हें सांगून आठवण म्हणून एक चिमुकली वीट देतात, कोठें बैल किंवा घोडे जुंपलेल्या गाडींतून गांवाभोवतीं फेरी घडवितात. या कशासही तिकीट नाहीं. अर्थात् ही कामें त्यांस पूर्वीं येत नसतात. आल्यावर तीं शिकावीं लागतात. साठीच्या पुढें नवें कसब हातीं घेणें, आणि तेंही चुकत-माकत शेंकडों लोकांच्या देखत, यास विनय लागतो. जो कालपर्यंत हाताखालच्यांस हुकूम देत होता, तो येथें सकाळीं पायऱ्या झाडतो. शिवाय मुदत संपली म्हणजे आपली जागा दुसऱ्या जोडप्याच्या स्वाधीन करून निमूटपणें घरीं जावयाचें असतें. स्थळ कोणाचेंच होत नाहीं, व म्हणूनच तें सर्वांचें राहतें.

परंतु खरी कसोटी झाडण्यांत किंवा भट्टींत नाहीं, ती जिभेवर आहे. नॉवूच्या नदीकांठीं जी वाट उतरते, त्याच वाटेनें त्या हिंवाळ्यांत घरेंदारें सोडून लोक गेले. हें सांगतांना शेजाऱ्यांविषयीं द्वेष पेटविणें सोपें असतें. तो न पेटवितां दुःख सांगावयाचें, हें अवघड आहे. त्याहूनही अवघड गोष्ट म्हणजे आपल्या माणसांचें उणें झांकून न ठेवणें. जोसेफ स्मिथास तुरुंगांत जावें लागलें, त्याच्या मुळाशीं एक छापखाना होता. जून १८४४ मध्यें त्याच्यावर टीका करणारें वर्तमानपत्र निघालें, आणि नगराध्यक्ष या नात्यानें त्यानेंच तो छापखाना मोडावयास लाविला. बहुपत्नीत्वाच्या चालीची टीका हें त्या प्रकरणाचें एक कारण होतें. श्रद्धाळू वृद्धास हें सांगणें जड जात असेल. पण प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्यापुढें हात झटकले, तर त्याचें बाकीचें बोलणेंही फिकें पडतें. स्थळाची सेवा ही अखेर सत्याची सेवा होय. आपल्या घराण्याची गोष्ट परक्यास सांगतांना आपण जी काळजी घेतों, तीच येथें घ्यावी लागते: न फुगवावें, न लपवावें.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. ही सेवावृत्ति आपणांस नवी नाहीं. शेगांवीं २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं श्रीगजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले व ८ सप्टेंबर १९१० रोजीं त्यांनीं समाधि घेतली. तेथील संस्थानांत सेवाधारी म्हणून जाण्यासाठीं गांवोगांवचे लोक आपली पाळी येण्याची वाट पाहतात. पाळी आली म्हणजे शेतकरी, व्यापारी, निवृत्त शिक्षक असे सर्व एकाच पांढऱ्या पोशाखांत उभे राहतात. कोणी फरशी पुसतो, कोणी पंगतींत वाढतो, कोणी भाविकांच्या चपला सांभाळतो, आणि लहानथोर सर्वांस ‘माउली’ म्हणून हांक मारतो. या शिस्तीस आकार देणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ सालीं निवर्तले, तरी शिस्त मोडली नाहीं. कारण ती एका माणसावर उभी नसून पाळीपाळीनें येणाऱ्या हजारों हातांवर उभी आहे. आषाढीच्या वारीहून परततांना महाराजांची पालखी लोणार, मेहकर, जानेफळ या मार्गानें जाते, तेव्हां हीच सेवा आपल्या दारांत दिसते. आपल्याच तालुक्यांतील हिवरा आश्रमाच्या विवेकानंद जयंतीच्या महापंगतींत ट्रॅक्टरांतून पुरीभाजी वाढणारे स्वयंसेवकही याच जातीचे.

म्हणजे हातांची सेवा आपणांस येते. नॉवूच्या वृद्धांहून ती कोठें कमी नाहीं. आपणांकडे उणीव आहे ती वाणीच्या सेवेची. मेहकर हें कांहीं कालचें गांव नव्हे. अकबराच्या वेळच्या आईन-इ-अकबरींत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्यें मेहकरचें नांव आहे. पैनगंगेच्या या गांवांत हेमाडपंती धाटणीची जुनी धर्मशाळा आहे, कंचनीच्या महालाचे अवशेष आहेत, आणि बालाजीची ती अद्वितीय मूर्ति आहे. मूर्ति सांपडल्यावर सरकार ती नेईल या भीतीनें गांवकऱ्यांनीं घाईनें तिची प्रतिष्ठापना केली, असें सांगतात. कंचनीनें लोणारच्या देवळांतील दिवा दिसावा म्हणून महाल बांधला, अशीही कथा आहे. यांतील नोंद कोणती व दंतकथा कोणती, हें निवडून सांगणारा मनुष्य त्या स्थळीं नित्य बसलेला असावा, अशी व्यवस्था मात्र आपण केलेली नाहीं.

१८८८ सालचा प्रसंग ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिला, ते केव्हांच गेले. त्यांच्या तोंडून ज्यांनीं ऐकलें, तेही बहुतेक गेले. आतां राहिले आहेत ते आपल्या आजोबांकडून ऐकलेलें आठवणारे वृद्ध. त्यांच्याबरोबर जें जाईल तें पुनः खणून काढतां येणार नाहीं. मूर्ति जमिनींत शतकानुशतकें सुरक्षित राहूं शकते, आठवण राहूं शकत नाहीं.

यासाठीं फार मोठें भांडवल नको. गांवांतील दहा-बारा निवृत्त स्त्रीपुरुषांनीं, शिक्षक म्हणा, तलाठी म्हणा, घर सांभाळलेल्या आजी म्हणा, आठवड्यांतून एकेक सकाळ वांटून घ्यावी. प्रथम आपसांत बसून जें ठाऊक आहे तें पडताळून पाहावें. आणि मग धर्मशाळेच्या ओट्यावर किंवा देवळाच्या आवारांत आल्यागेल्याशीं दोन शब्द बोलावे. नॉवूकरांसारखें घर सोडून तेवीस महिने जावयास नको. घरापासून चार पावलें चालावयाचें आहे. ज्या वृद्धास “आतां आपला कोणास काय उपयोग?” असें वाटतें, त्याच्या प्रश्नाचें हेंच सरळ उत्तर आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमचाही यांत वांटा आहे. या सुट्टींत एक वही घेऊन आपल्या आजोबा-आजींजवळ बसा. गांवाविषयीं त्यांनीं काय पाहिलें व काय नुसतें ऐकलें, तें दोन निरनिराळ्या पानांवर लिहून घ्या, आणि खालीं तारीख घाला. मग एखाद्या सकाळीं त्यांचा हात धरून त्यांस बालाजीच्या देवळांत घेऊन जा. तेथें एखादा परका माणूस मूर्तीपुढें उभा राहून “ही येथें आली कोठून?” असें विचारील, तेव्हां तुम्हीं गप्प राहा व आजोबांस बोलूं द्या.