फुकटच्या पॅकेजमागची मेहनत: ‘ॲटम’ बंद झाला, पण काम थांबलं नाही

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक टेक्स्ट एडिटर असतोच. कोड लिहायची ती वहीच म्हणा. या वहीला हव्या त्या सोयी जोडता येतात. कोणी चूक दाखवतं, कोणी अर्धा शब्द टाइप केला की पुढचा सुचवतं. या जोडसोयींना पॅकेज म्हणतात. ती एका क्लिकवर, बहुतेक वेळा फुकट मिळतात. पण चालू ठेवायला कोणाला तरी सतत राबावं लागतं. या माणसाला मेंटेनर म्हणतात. बरेच मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून, बिनपगारी करतात.

‘ॲटम’ या एडिटरची गोष्ट यासाठी पाहण्यासारखी आहे. गिटहब कंपनीने तो २०१४ मध्ये आणला आणि त्याच वर्षी त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. जगभरातल्या लोकांनी त्यासाठी हजारो पॅकेजं लिहिली.

एकदा लिहिलं की झालं, असं का नाही?

कारण खालची जमीन हलत असते. ॲटम ‘इलेक्ट्रॉन’ नावाच्या पायावर उभा होता. हा पाया नव्या आवृत्तीवर नेला की काही पॅकेजांचे भाग पुन्हा कंपाइल करावे लागत. एडिटरमधल्या जुन्या सोयी काढून टाकल्या की त्यावर विसंबलेली पॅकेजं अडत. पॅकेजमध्ये एका अक्षराचा बदल झालेला नसतानाही ते बंद पडू शकतं, ते असं.

शिवाय तक्रारी येतात. ‘चालत नाही’ एवढंच कोणी लिहितं. मग कुठली आवृत्ती, विंडोज की लिनक्स, काय केल्यावर बिघडलं, हे मेंटेनरलाच विचारत बसावं लागतं. दुसऱ्याने पाठवलेली दुरुस्तीही तपासल्याशिवाय घेता येत नाही.

किल्ली कोणाच्या हाती?

ॲटमचं पॅकेज वापरणाऱ्याच्या फाइल वाचू शकत होतं. म्हणून पॅकेजचा ताबा कोणाकडे जातो, हे महत्त्वाचं. ‘मिनिमॅप’ या लोकप्रिय पॅकेजच्या मेंटेनरला एका कंपनीने कामावर घेतलं. पुढे २०१७ मध्ये त्याच पॅकेजमध्ये त्या कंपनीकडे नेणाऱ्या लिंक दिसू लागल्या. वापरणारे भडकले आणि तो भाग काढावा लागला. बिनपगारी माणसाने पोटापाण्याचं पाहू नये, असं कोण म्हणेल? पण हजारोंचा विश्वास त्याच्याबरोबर परस्पर दुसरीकडे जातो, हा खरा प्रश्न.

कंपनी उठून गेली तेव्हा

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब विकत घेतली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ‘व्हीएस कोड’ तोवर पुढे गेला होता. ८ जून २०२२ रोजी ॲटम बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि १५ डिसेंबरला त्याचं काम थांबलं.

मोठी अडचण पॅकेजांच्या यादीची होती. कुठलं पॅकेज कुठून आणायचं, हे एडिटर त्या यादीवरून ठरवत असे आणि यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. स्वयंसेवकांनी ॲटमच्या कोडवरून ‘पल्सर’ हा एडिटर उभा केला आणि त्याच्यासाठी पॅकेजांची यादी स्वतःच्या सर्व्हरवर आणली. ॲटमचा एमआयटी परवाना कोणालाही कोड घेऊन पुढे न्यायला परवानगी देतो. ती नसती, तर हे जमलंच नसतं. मात्र परवाना फक्त हक्क देतो. चूक दुरुस्त करायला माणूसच लागतो. म्हणूनच यादी वाचली तरी मेंटेनर सोडून गेलेली पॅकेजं आपोआप सुधारत नाहीत.

वापरणाऱ्यांनी काय करावं?

पॅकेज घेण्याआधी शेवटचा बदल कधी झाला ते बघावं. तक्रार लिहिताना आवृत्ती आणि नेमकी कृती सांगावी. माहितीपानावरची एखादी चूक सुधारून पाठवली तरी ती मदतच असते आणि नवशिक्यालाही जमते. ज्याला वेळ देणं अशक्य झालंय, त्या मेंटेनरने गुपचूप निघून न जाता तसं पानावर लिहावं आणि ज्याचं काम आधी पाहिलंय अशा माणसाकडेच किल्ली द्यावी.