साल्मोनेला शोधण्याच्या तीन पद्धती

अंडी, चिकन, दूध पावडर अशा पदार्थांत साल्मोनेला जिवाणू आहेत का, हे प्रयोगशाळेत तीन प्रकारे तपासतात.

पहिली, जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत म्हणजे जिवाणू वाढवून पाहणे. 25 ग्रॅम नमुना 225 मिलिलिटर पोषक द्रावणात घालून सुमारे 18 तास उबवतात. मग इतर जिवाणूंना रोखणाऱ्या द्रावणात आणि शेवटी एक्सएलडी आगर या पोषक माध्यमाच्या बशीवर ते वाढवतात. तिथे लालसर, मधोमध काळ्या वसाहती दिसल्या की संशय बळावतो. खात्रीच्या चाचण्या धरून 4-5 दिवस जातात.

दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे एलायझा चाचणीत, प्रतिपिंडे जिवाणूचे विशिष्ट घटक ओळखतात. ती झटपट होते. पण जिवाणू थोडे असतील तर निसटतात, म्हणून आधी ते वाढवावेच लागतात.

तिसरी पद्धत, पीसीआर, जिवाणूचा डीएनए शोधते. वाढवण्याचा वेळ धरूनही उत्तर साधारण दीड दिवसात मिळते. मात्र मेलेल्या जिवाणूचा डीएनएही ती पकडू शकते.

म्हणून चाळणीसाठी पीसीआर किंवा एलायझा, आणि नमुन्यात साल्मोनेला आढळला की शिक्कामोर्तबासाठी जुनी पद्धत, हीच वाटणी व्यवहारात सोयीची ठरते.