कुंडीतील मिरचीचा हिवाळा

सुरत शहरातील उधना, लिंबायत, पांडेसरा आणि डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गावरील नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या परिसरातून यंत्रमागावरील कामासाठी ही कुटुंबे येथे आली व स्थिरावली. नंदुरबार ही ओल्या लाल मिरचीची नामांकित बाजारपेठ होय. हिवाळा लागला की तेथील पथाऱ्यांवर दूरवर लाल मिरची वाळत पडलेली दिसते. अशा मुलखातील माणसाच्या खोलीसमोर, तेलाच्या रिकाम्या डब्यात का होईना, मिरचीचे एखादे रोप असावे यात नवल नाही.

पावसाळ्यात जोमाने वाढलेले हे रोप मार्गशीर्ष-पौषात कोमेजू लागते. पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात, शेंडे आकसतात. रोपाला थंडी बाधली असा समज करून घेऊन कुंडी घरात आणली जाते व पाणी वाढविले जाते. एवढ्यानेही गुण आला नाही, तर गावाकडून शेतातील कीटकनाशकाची बाटली मागविली जाते. यांपैकी पहिले दोन उपाय रोपाला मारक आहेत आणि तिसरा माणसाला.

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली. शेतकरी तिला हंगामी पीक म्हणून घेत असला, तरी स्वभावाने ती बहुवर्षायू आहे आणि सांभाळल्यास कुंडीत दोन-तीन वर्षे सहज जगते. युरोपातील थंड देशांत हिम पडण्यापूर्वी कुंड्या घरात न्याव्या लागतात, कारण दहिवराने गोठल्यास मिरची मरते. सुरतेत ही भीती नाही. येथील जानेवारीतील रात्रीचे सरासरी किमान तापमान सुमारे १५ अंश सेल्सिअस असते. धुळ्याचा पारा काही हिवाळ्यांत ८ अंशांखाली उतरतो, तेथे रात्री कुंडीवर गोणपाट टाकणे योग्य ठरेल. सुरतेत त्याची गरज क्वचितच भासते. रात्री १५ अंशांच्या आसपास गारवा असला की वाढ मंदावते व काही फुले गळतात. हा रोग नव्हे. माघ सरता सरता फुलोरा पुन्हा धरतो.

रोपाला खरी वाण पडते ती उन्हाची. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सुरतेत सूर्य क्षितिजापासून अवघा ४५ अंश उंचीवर, दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडील गॅलरीत ऊन आतपर्यंत येते, तर उत्तरेकडील गॅलरीत सबंध हिवाळाभर त्याचा थेट किरणही पोचत नाही. पावसाळ्यात जी जागा रोपाला मानवली, तीच हिवाळ्यात अंधारी ठरते. कुंडी दक्षिणेस हलवावी. ते शक्य नसल्यास पूर्वेस. चाळीत दक्षिणेची बाजू शेजाऱ्याकडे असेल, तर तीन महिने कुंडी त्यांच्याकडे ठेवण्यात संकोच मानू नये. रोज पाच-सहा तास ऊन मिळावे. चार तासांहून कमी मिळाल्यास रोप जगेल, पण फळाची आशा धरू नये.

ऊन कमी व गारवा अधिक असताना रोप पाणीही कमी पिते. दक्षिण गुजरातची काळी माती पाणी धरून ठेवणारी असल्याने नुसत्या काळ्या मातीच्या कुंडीत मुळे कुजतात आणि वरून पान मात्र तहानलेल्यासारखे लोंबते. ते पाहून आणखी पाणी घातले जाते. बोटाने एक इंच माती उकरून पाहावी व कोरडी लागली तरच सकाळी पाणी द्यावे. डब्याच्या तळाशी छिद्रे असणे आवश्यक आहे. नवी कुंडी भरताना काळी माती, चांगले कुजलेले शेणखत व वाळू समप्रमाणात घ्यावी. युरिया या दिवसांत देऊ नये. त्याने पालवी लुसलुशीत होते व रसशोषक किडींना आमंत्रण मिळते.

आता पाने आकसण्याविषयी. यास मराठीत चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात, तर सुरतेतील गुजराती शेजारी कोकडवा म्हणतात. नाव एक असले तरी कारणे तीन आहेत आणि ती डोळ्यांनी ओळखता येतात. पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल, तर ते फुलकिड्यांचे काम. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल व पानाचा देठ लांबला असेल, तर कोळी. पाने बारीक, शिरा जाड, शेंडे गुच्छासारखे आणि रोप खुजे झाले असेल, तर पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू. विषाणूवर औषध नाही. ते रोप उपटून पिशवीत बांधून टाकावे, म्हणजे शेजारची रोपे वाचतात.

फुलकिडे व कोळी यांवर घरगुती उपाय पुरेसे आहेत. आकसलेले शेंडे खुडून टाकावेत व पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी. यंत्रमागाच्या परिसरात पानांवर तंतूंची धूळ साचते व धुळीत कोळी फोफावतात, म्हणून हे धुणे आठवड्यातून एकदा तरी व्हावे. नंतर ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबणचुरा घालून सायंकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा फवारावे.

शेतातील औषध मात्र घरात आणू नये. दहा बाय दहाच्या खोलीत चूल, पाण्याचा माठ व निजलेले मूल ही सारी कुंडीपासून चार हातांवर असतात. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा भाजीपाल्यावरील वापर केंद्र शासनाने २००५ मध्ये बंद केला, तो त्याच्या तीव्र विषारीपणामुळे. ज्या डब्यावर लाल त्रिकोण असतो, त्यातील औषध अत्यंत विषारी समजावे. अधिक धोका असतो तो ओतून आणलेल्या औषधाचा. शीतपेयाच्या बाटलीत भरले की त्रिकोणही राहत नाही आणि नावही. अशा औषधाशी संपर्क आल्यावर घाम, तोंडाला लाळ, उलटी किंवा डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही लक्षणे दिसल्यास अंगावरील कपडे काढून त्वचा साबणाने धुवावी आणि बाटलीसह रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उलटी करविण्याच्या प्रयत्नात वेळ दवडू नये.

सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळांत शिक्षकांनी दोन कुंड्या ठेवून, एक दक्षिणेस व एक उत्तरेस, मुलांकडून दर आठवड्याला पानांची मोजणी करून घ्यावी. वाऱ्याअभावी बंद जागेतील फुलांत परागीभवन नीट होत नाही. सकाळी फांदीला बोटाने हलकी टिचकी मारल्यास फळधारणा सुधारते, हेही मुलांना दाखविता येईल. फेब्रुवारीत जून फांद्या एक तृतीयांश छाटून मूठभर शेणखत घालावे. निरोगी रोपावरील दोन मिरच्या पूर्ण लाल होईपर्यंत झाडावरच ठेवून सावलीत वाळवाव्यात. त्यांचे बी जूनच्या पेरणीस उपयोगी पडते.